सहा वर्षं झाली, आता दवाखान्यात जाऊन काय होणार?

वाचकाचं पत्र : ब्रह्मपुरीकडे आमचं गाव, जंगलाला लागूनच. सहा वर्षांमागं मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेलो होतो. मोठ्या जाऊबाई माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर वाकून पत्ता तोडत होत्या. वाघानं त्यांना माझ्यासमोर उचललं. माझ्या तोंडातून आवाजच निघाला नाही. पहिली दोन-तीन वर्षं मी बरी होते. आता बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, एकटी जाऊ शकत नाही, सायंकाळी अंगणातही निघत नाही. मे महिन्यात शेजारी पत्त्याचे पुडे बांधायला बसले की त्या वासानं मळमळते. मागच्या महिन्यात रात्री मांजर कवेलूवरून सपरीत पडलं, तर हातातला भाताचा गंज (पातेलं) सुटला आणि पाच-दहा मिनिटं मी कुठं आहे तेच समजलं नाही. नागपूरला भावाकडे तिसऱ्या मजल्यावर राहिले, तिथंही झोप नाही. आठ वर्षांच्या मुलीला मी खेळायला सोडत नाही. जाऊबाईंचा मुलगा आमच्याच घरी आहे, त्याच्या तोंडाकडे पाहवत नाही. कधी वाटते, त्या दिवशी मीच गेले असते तर बरं झालं असतं. सासूबाई म्हणतात बाहेरचं लागलं, पुजाऱ्याकडे दोनदा नेलं. आमचे हे म्हणतात, विसर आता. गावचे डॉक्टर सलाईन लावतात आणि झोपेची गोळी देतात. मले वेड लागलं का जी? एवढ्या उशिरा दवाखान्यात जाऊन काही होते का?

उत्तर :

ताई, वेड लागलेलं नाही. आणि दवाखान्यात जायचं आहे, याच महिन्यात. सहा वर्षांनी सुरू केलेल्या उपचारांनीही या त्रासाला चांगला उतार पडतो; वीस-वीस वर्षं जुन्या आघातांवरही हेच उपचार केले जातात.

पण आधी पत्रातल्या एका वाक्याबद्दल. "मीच गेले असते तर बरं" हा विचार नुसता येऊन जातो, की हल्ली "आता मरावं" असंही वाटतं? कसं, कधी, असं काही मनात ठरतं का? तसं असेल तर पुढचं वाचण्याआधी घरातल्या एका माणसाला हे स्पष्ट शब्दांत सांगा आणि १४४१६ वर फोन लावा. ही टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करून घेण्यापर्यंत गोष्ट आली असेल तर फोनची वाट न पाहता तडक सरकारी दवाखान्यात जायचं. १०८ ची गाडी त्यासाठीही येते. तसं काही नसलं तरी एक काम आजच करून घ्या : फवारणीचं औषध घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे नको. असा झटका बहुतेक वेळा थोड्या वेळासाठी येतो आणि ओसरतो. त्या वेळात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो.

आता पुढचा प्रश्न : हे दुःख आपोआप निवेल की उपचार लागतील, हे ओळखायचं कसं?

अशा प्रसंगानंतरचा पहिला महिना कुणालाही जड जातो. झोप उडते, प्रसंग डोळ्यांसमोर येतो, भूक मरते. त्या काळात घरच्यांची सोबत, जेवण आणि विश्रांती एवढ्यावर बरेच लोक सावरतात. लगेच बसवून सगळं खोदून विचारण्याचा उपयोग होत नाही, कधी उलट त्रासच होतो. पण महिना उलटूनही त्रास हटत नसेल आणि कामधंदा, घर, माणसं यांत अडथळा येत असेल, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. मोजमाप हेच. प्रसंग किती मोठा होता, किती वर्षं झाली, दुसरी बाई त्यातून कशी सावरली, यावर ते ठरत नाही. आजच्या दिवसातला किती भाग त्यानं खाल्ला आहे, ते पाहायचं.

तुमच्या पत्रात चार प्रकारच्या खुणा आहेत. आठवण न बोलावता येते, आणि येते ती आत्ता घडत असल्यासारखी : पत्त्याचा वास, कवेलूवरचा धपका. दुसरं, टाळणं : जंगल, मग बांधी, मग अंगण, मग त्या मुलाचा चेहरा. तिसरं, स्वतःवर ठपका आणि आपण जगलोच कशाला हा विचार. चौथं, अंग सतत ताणलेलं : झोप नाही, लहान आवाजालाही दचकणं. चारही गट एकत्र आणि महिन्याहून अधिक काळ असतील, तर डॉक्टर त्याला आघातोत्तर तणाव विकार, इंग्रजी आद्याक्षरांनी पीटीएसडी म्हणतात. निदान तपासूनच होईल, ते पत्रावरून करता येत नाही. तपासणीला जायला मात्र एवढं पुष्कळ आहे.

तुमच्या भागात एक मोठी अडचण अशी, की धोका खराच आहे. ताडोबाच्या बाहेर ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ आहेत, आणि शेत व जंगल यांच्यात कुंपण नाही. त्यामुळे "वाघाला तर सगळेच भितात" म्हणून तुमचा त्रास झाकला जातो, आणि शहरातल्या एखाद्या समुपदेशकाला तुमची साधी खबरदारीही आजार वाटू शकते. दोन्ही वेगळं करून बघा. पहाटे-सायंकाळी जंगलाकडे एकटं न जाणं, चार बायकांनी मिळून आवाज करत जाणं, वाकून काम करताना कुणीतरी उभं राहून लक्ष ठेवणं ही अक्कल आहे, ती कुणी उपचारानं काढून घेऊ नये. ही भीती जागा आणि वेळ पाहून येते, आणि घरात आल्यावर उतरते. तुमची भीती नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावर, दाराला कडी असतानाही उतरली नाही. शिवाय ती पसरते आहे. आधी जंगल सुटलं, आता अंगण सुटलं. ही पसरण आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती आपोआप थांबत नाही. टाळलं की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि मेंदू त्यावरून शिकतो की टाळलं म्हणूनच वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी आधी घाबरवतो.

पहिली दोन-तीन वर्षं बरी होते, मग आता का, हेही त्यातच आलं. पोरं सांभाळणं, कागदपत्रं, शेतीची कामं यांत टाळणं खपून गेलं. काही जणांत पूर्ण त्रास सहा महिन्यांनी किंवा त्याहून उशिराच उफाळतो. त्यात नवल नाही.

आणि तोंडातून आवाज निघाला नाही, त्याबद्दल. जिवावर बेतलं की शरीर पळतं, झुंजतं किंवा गोठतं, आणि यातलं काय होणार ते आपण ठरवत नाही. गोठलेल्या माणसाचा आवाज निघत नाही, पाय उचलत नाहीत. वाघ दबा धरून येतो, काही क्षणांत सगळं होतं. "ओरडले असते तर" या वाक्यात जो वेळ तुम्ही गृहीत धरता, तो तिथं नव्हताच. हे वाचून ठपका जाणार नाही, ठाऊक आहे. उपचारात याच एका वाक्यावर कित्येक बैठका जातात.

कुणाला लगेच जावं लागतं, हे इतर वाचकांसाठी थोडक्यात : जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, झोपेसाठी रोज दारू किंवा गोळी लागणं, दोन-तीन दिवस अन्न-झोप नसणं, लेकरांवर हात उठणं, आणि भान सुटणं. ताई, गंज सुटल्यावरची ती पाच-दहा मिनिटं या शेवटच्या प्रकारात मोडतात. चुलीपाशी, विहिरीवर किंवा गाडीवर असताना तसं झालं तर इजा होईल. म्हणून तपासणी होईपर्यंत विहिरीचं पाणी दुसऱ्यानं काढावं आणि चुलीजवळ सोबत कुणीतरी असावं. आणि भान जाताना हातपाय झटकले गेले, जीभ चावली, लघवी झाली असं काही कुणी पाहिलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण मग फेफऱ्याचीही तपासणी लागते.

सलाईन आणि झोपेची गोळी यानं का भागलं नाही? तुम्ही गावच्या डॉक्टरांना काय सांगितलं असेल याचा अंदाज येतो : छातीत धडधड, डोकं दुखते, अंगात ताकद नाही. वाघाचं नाव निघालंच नसेल. मग ते ताकदीचं सलाईन लावणार. झोपेच्या गोळ्या काही रात्री झोप देतात, पण बऱ्याचशांची सवय लागते आणि या विकारात त्या मूळ त्रास कमी करत नाहीत. बरेच दिवस रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका. चिठ्ठी आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्या, मनोविकारतज्ज्ञ हळूहळू कमी करून देतील. तिथं हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणीही मागून घ्या. रक्त कमी असेल किंवा थायरॉईड वाढलेला असेल तरी धडधड आणि थकवा होतो, आणि दोन्हींवर वेगळा इलाज आहे. घरात कुणाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर तेही सांगा.

जायचं कुठं? आधी १४४१६ वर फोन करा आणि विचारा : आमच्या तालुक्यात किंवा जवळच्या दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली काही ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत ठरावीक दिवशी तपासणी होते, आणि हा दिवस बदलतो, म्हणून एस.टी.चं भाडं खर्च करण्याआधी विचारलेलं बरं. आशाताईंनाही बहुधा माहिती असते. नाहीतर चंद्रपूर किंवा गडचिरोलीचं जिल्हा पातळीवरचं सरकारी रुग्णालय, आणि मोठ्या कामासाठी नागपूरचं मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय म्हटलं की लोक दचकतात, पण तिथंही बाहेरून येऊन तपासून घरी जाणारे रुग्ण असतात. भरती व्हावंच लागतं असं नाही.

चिठ्ठी काढताना "मनोविकार विभाग" सांगा. आत गेल्यावर वेळ थोडा मिळतो, गर्दी असते, आणि ऐनवेळी घसा दाटतो. म्हणून घरीच एका कागदावर पाच ओळी लिहून न्या आणि सरळ तो कागद द्या. काय घडलं ते एका ओळीत, तपशील नको. कधी घडलं. आठवड्यातून किती रात्री झोप येत नाही. कोणती कामं सुटली. मरणाचा विचार येतो का. "वाघाच्या हल्ल्यात जाऊ गेली, मी समोर होते, सहा वर्षं झाली, आता अंगणातही जाता येत नाही" एवढं वाक्य पुरेसं आहे. मालकांना सोबत न्या, पण डॉक्टरांना म्हणा, "मले दहा मिनिटं एकटीनं बोलायचं आहे." तो तुमचा हक्क आहे, आणि तुमची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं घातलं आहे.

मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर असतात, औषध देतात. बोलण्याचे उपचार बहुतेक वेळा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ करतात, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी आहे का, आणि आघातावरच्या उपचाराचं शिक्षण घेतलं आहे का, हे विचारायला लाजू नका. पहिल्याच दिवशी सगळा प्रसंग बारीकसारीक सांगायला लावणारा, एका बैठकीत बरं करतो म्हणणारा, किंवा "माफ कर आणि विसर" असं सांगणारा माणूस तुमच्या कामाचा नाही, पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

उपचार नेमके कसे चालतात हे आधी कळलं की अर्धी धास्ती जाते. साधारण आठ ते पंधरा बैठका, शक्यतो आठवड्याला एक, प्रत्येक तास-दीड तासाची. पहिल्या दोन-तीन बैठकांत त्रास समजावून सांगतात आणि शरीर शांत करायला शिकवतात. मग आठवणीवर काम सुरू होतं : तुमच्या वेगानं, तुकड्यातुकड्यानं, थांबायचा अधिकार तुमच्याकडे ठेवून. त्याबरोबर टाळलेल्या गोष्टींची शिडी करतात, सोपीपासून अवघडीपर्यंत, प्रत्येकीला भीतीचे शून्य ते शंभर गुण देऊन. तुमची शिडी अशी असू शकेल : दिवसा मुलीसोबत अंगणात दहा मिनिटं (३०), सायंकाळी दिवा लावून अंगणात (५०), सुकलेला तेंदूपत्ता हातात घेणं (६०), दुपारी दोघींसोबत बांधीवर (७०). जंगलात एकटं जाणं या शिडीत नाहीच, कारण तिथली भीती खरी आहे. प्रत्येक पायरीवर भीती निम्म्यानं उतरेपर्यंत थांबायचं असतं. बहुतेकांचं इथंच चुकतं : भीती टोकाला असताना उठून आत पळाले, की मेंदूला पुन्हा तोच धडा मिळतो. म्हणून पायरी लहान ठेवायची, अर्धी सोडायची नाही. घरचे म्हणतात ना, "एकदा जंगलात फिरवून आणतो, भीती मोडेल", तसं कुणाला करू देऊ नका. त्यात बाई आणखी मिटते आणि पुढं उपचारालाही तयार होत नाही.

तिसऱ्या-चौथ्या बैठकीच्या सुमारास त्रास थोडा वाढल्यासारखा वाटतो, स्वप्नं वाढतात. पुष्कळ जण तिथंच सोडून देतात आणि "करून पाहिलं, काही झालं नाही" म्हणतात. तेव्हा बैठक चुकवू नका, जाऊन तेच सांगा. वेग कमी करता येतो. दर आठवड्याला चंद्रपूर जमणार नसेल तर पहिली भेट समोरासमोर आणि मधल्या काही बैठका फोनवर चालतील का, ते विचारा. वेळेचाही हिशेब करा. पहिली तपासणी लगेच, पण धानाच्या रोवण्याच्या दिवसांत आठवणीचं जड काम सुरू केलं तर दोन बैठकांनंतर खंड पडणार. रोवणा आटोपल्यावर किंवा धान घरी आल्यावर सलग दोन-तीन महिने काढता आले तर चांगलं. मे जवळ असेल तर तेही सांगा, त्या महिन्यात त्रास वाढणार हे धरूनच आखणी करता येते.

औषध लिहून दिलं तर घाबरू नका. यासाठी सहसा सर्ट्रालिनसारखी गोळी देतात. तिची झोपेच्या गोळीसारखी सवय लागत नाही. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी होऊ शकते. फरक दिसायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात. आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडणं आणि बरं वाटलं की परस्पर बंद करणं, या दोन चुका नेहमीच्या. बरं वाटल्यावरही साधारण वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात, जन्मभर घ्यावी लागेलच असं नाही. दिवस गेले असतील किंवा अंगावर पाजत असाल तर आधी सांगा. सुरुवातीला मरणाचे विचार वाढले किंवा फार बेचैनी झाली तर त्याच दिवशी कळवा.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांचीही सून गेली आहे. पुजाऱ्याकडे नारळ फोडून त्यांच्या जिवाला शांती वाटत असेल तर फोडू द्या. पण उपाशी ठेवणं, मारणं, धुरी देणं, गोळी बंद करायला लावणं यातलं काही झालं तर तिथून उठायचं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

मालकांना हा भाग वाचून दाखवा. रात्री दचकून उठली तर हलवू नका, मागून धरू नका. दिवा लावा, थोडं दुरून नाव घेऊन हाक मारा आणि म्हणा, "तू घरात आहेस, सपरीत मांजर पडलं, दाराला कडी आहे." ताई, तुम्ही स्वतः अशा वेळी दोन्ही तळपाय जमिनीवर दाबा, गार पाण्यात मनगटं बुडवा आणि दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या : गंज, सूप, कंदील, पाट, दार. श्वास आत घेताना चार मोजा, सोडताना सहा. यानं आजार जात नाही, पण भान लवकर येतं. रोज दिवसाही एकदा करा, म्हणजे रात्री सुचेल.

मुलीचं आणि पुतण्याचं शेवटी लिहितो म्हणून ते कमी महत्त्वाचं समजू नका. आईचं दचकणं पाहून लेकरू भीती शिकतं. तिला दुपारी समोरच्या अंगणात, तुमच्या नजरेपुढं, अर्धा तास खेळू द्या; हीसुद्धा तुमच्या शिडीची एक पायरी धरा. पुतण्याची आई गेली आहे आणि काकू त्याच्याकडे पाहत नाही, याचा अर्थ तो स्वतःच्या मनानं काहीतरी लावत असेल. त्याला एवढंच सांगा : "तुझी आई आठवली की मला त्रास होतो, त्यात तुझी काही चूक नाही, मी दवाखान्यात जाते आहे." त्याची झोप, शाळा आणि जेवण कसं चाललं आहे ते विचारा, आणि बिघडलेलं दिसलं तर त्याचंही नाव त्याच दिवशीच्या चिठ्ठीत घाला.